ज्वारीच्या एका धाटातलं रसायन : रब्बी हंगामातल्या प्रकल्प नोंदी

२५ सप्टेंबर २०२४

नववीच्या वर्गाचा यंदाचा प्रकल्प ठरला : ज्वारी. सजीवांचं रसायन शिकवताना दरवर्षी कर्बोदकं, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ आणि केंद्रकाम्लं ही चार नावं फळ्यावर येतात, मुलं ती पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. यंदा क्रम उलटा करायचा. आधी पीक, मग परीक्षानळी, नाव सगळ्यात शेवटी. आमचा भाग शाळूचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा. शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे आणि वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी मालदांडीच पेरली जाते. शाळेमागच्या काळ्या रानातले दोन वाफे मागून घेतले.

मुलांना एकच प्रश्न सांगून ठेवला आहे. ग्लुकोजच्या रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. हे ग्लुकोज ज्वारीच्या झाडात कुठे कुठे आणि कोणत्या रूपात लपलेलं आहे, ते हंगाम संपेपर्यंत शोधायचं.

२८ सप्टेंबर

पेरणी झाली. ओल चांगली आहे.

पेरण्याआधी बियाणं मोजलं. हजार दाण्यांचं वजन ३५ ग्रॅमच्या आसपास भरलं, म्हणजे एक दाणा साधारण ३५ मिलिग्रॅमचा. हा आकडा वहीत पहिल्या पानावर लिहायला लावला, काढणीच्या दिवशी लागेल. एकाने विचारलं, दाणा जिवंत असतो तर वर्षभर पोत्यात गप्प कसा राहतो? पाण्यामुळे, म्हणजे पाणी नसल्यामुळे. नीट वाळवलेल्या दाण्यात शंभरात दहा-बारा भागच ओल असते. पेशीतल्या जवळजवळ सगळ्या अभिक्रिया पाण्यात विरघळलेल्या रेणूंमध्ये होतात. तेवढं पाणी नसेल तर रेणू एकमेकांपर्यंत पोचत नाहीत आणि श्वसन अगदी मंद होतं. दाणा दाताखाली कट्कन फुटला की तो साठवायला योग्य, हे घरच्या मोठ्यांना माहीत असतं. त्यामागचं कारण हेच.

७ ऑक्टोबर

आजचा प्रयोग या हंगामातला माझा सगळ्यात आवडता, म्हणून सविस्तर लिहिते.

तीन दिवसांपूर्वी ज्वारी भिजवून फडक्यात बांधली होती. चांगले मोड आले. मोड आलेल्या दाण्यांचे कोंब आणि मुळं चोळून काढली, दाणे भरडले, थोड्या पाण्यात कालवून गाळले. हे झालं पहिलं पाणी. न भिजवलेले कोरडे दाणे तसेच भरडून गाळले, ते दुसरं. पहिल्यातलंच थोडं पाणी पाच मिनिटं उकळून पूर्ण गार केलं, ते तिसरं. तीन परीक्षानळ्यांत स्टार्चची पातळ खळ सारख्या मापाने घेतली आणि प्रत्येकीत एकेक पाणी घातलं. मग दर दोन मिनिटांनी पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर प्रत्येकातला थेंब टाकून त्यावर आयोडीनचा थेंब.

सुरुवातीला तिन्हीकडे गडद निळा रंग. थोड्या वेळाने पहिल्या रांगेतला निळा जांभळट झाला, मग तांबूस आणि शेवटी नुसता आयोडीनचा पिवळा. दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेत निळा तसाच राहिला.

मुलांकडून काढून घेतलेला अर्थ असा. स्टार्च म्हणजे ग्लुकोजची लांब साखळी. तिचा एक प्रकार मळसूत्रासारखा वळलेला असतो, त्या पोकळीत आयोडीन जाऊन बसतं आणि निळा रंग येतो. रंग गेला म्हणजे साखळी तुटली. ती तोडणारं विकर (एन्झाइम) अमायलेज. ते कोरड्या दाण्यात जवळपास नसतं, मोड येताना तयार होतं. विकर हे प्रथिन आहे आणि त्याचं काम त्याच्या घडीवर अवलंबून असतं. उकळल्यावर अणू तेच राहतात, अमिनो आम्लांची साखळीही बहुतांशी शाबूत राहते, पण घडी मोडते. घडी मोडली की काम बंद.

साखळी तोडताना प्रत्येक बंधाला पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो, हेही फळ्यावर मांडलं. जोडताना पाणी बाहेर पडतं, तोडताना आत जातं. सजीवांतले मोठे रेणू बांधायची आणि मोडायची ही रीत चारही गटांत पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

मोडाच्या धान्यातूनच माणसाला पहिलं विकर सापडलं. १८३३ साली फ्रान्समध्ये पायां आणि पर्सो यांनी मोडाच्या बार्लीतून 'डायस्टेज' वेगळं केलं. विकर हे प्रथिन असतं हे सिद्ध व्हायला पुढे जवळजवळ शतक जावं लागलं. ते १९२६ मध्ये अमेरिकेत समनर यांनी दाखवलं.

पुढच्या वेळी करणाऱ्यांसाठी : उकळलेलं पाणी गार केल्याशिवाय आयोडीन घालू नये. गरम स्टार्चमध्ये मळसूत्र सैल होतं आणि निळा रंग दिसतच नाही. गार झाल्यावर तो परत येतो. आणि मोड आलेली कच्ची ज्वारी कुणी चाखायची नाही. कारण मुलांना पंधरा दिवसांनी सांगेन.

१४ ऑक्टोबर

दसरा झाला. मुलांनी घटातले तुरे आणले. देवघरातल्या अंधारात उगवलेले, लांबसडक आणि पिवळेधमक. शेजारी वाफ्यातली त्याच वयाची रोपं ठेवली, ती बुटकी आणि हिरवीगार.

सपुष्प वनस्पतींत हरितद्रव्य तयार होण्याची शेवटून एक पायरी उजेडाशिवाय होत नाही. पिवळ्या तुऱ्यात अलीकडचा रेणू तयार होऊन थांबलेला असतो. मातीसकट आणलेले दोन घट व्हरांड्यात उन्हाच्या कडेला ठेवले. मधल्या सुट्टीनंतर मुली पळत सांगायला आल्या की टोकं हिरवट दिसायला लागली आहेत.

मग हे तुरे अंधारात वाढले तरी कशावर? सात तारखेच्या प्रयोगात उत्तर आहे. दाण्यातलं स्टार्च तुटून मिळालेल्या साखरेवर. एका मुलाने हे स्वतःहून सांगितलं. फार बरं वाटलं.

२५ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीआधी शेवटची नोंद. रान गुडघ्याएवढं झालं आहे.

आज एका विद्यार्थिनीच्या आजोबांना मुद्दाम बोलावलं होतं. ते वर्गासमोर उभे राहून म्हणाले, "बाई, ज्वारी एवढी आसताना जनावर आत जाऊ द्यायचं न्हाई. पावसानं ताण दिला आसंल तर मुळीच न्हाई. किरळ लागती." त्यांनी लहानपणी पाहिलेली गाय त्यांनी सांगितली. चरून आली, थरथरायला लागली, धापा टाकत पडली आणि डॉक्टर येईपर्यंत गेली. मुलं एकदम गप्प झाली. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या दावणीला जनावरं आहेत.

या जाणतेपणाखाली असलेलं रसायन असं. कोवळ्या ज्वारीत, मोडांतही, धुरिन नावाचं संयुग असतं. झाड ते टायरोसिन या अमिनो आम्लापासून बनवतं आणि त्याला ग्लुकोजचा एक रेणू जोडून ठेवतं. ग्लुकोज जोडलेलं असेपर्यंत ते पाण्यात विरघळणारं आणि शांत असतं. ज्वारीच्या पानात धुरिन वरच्या त्वचेच्या पेशींमधल्या रिक्तिकांत, म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशव्यांत, साठवलेलं असतं, तर त्याला तोडणारं विकर आतल्या हिरव्या पेशींत. दोघांची गाठ पडत नाही. जनावराने पान चावलं की पेशी फुटतात, विकर धुरिनला भेटतं, ग्लुकोज सुटतं आणि उरलेल्या भागातून हायड्रोजन सायनाइड बाहेर पडतं. रवंथ करणाऱ्या जनावरांना धोका जास्त, कारण त्यांच्या पोटातले सूक्ष्मजीवही धुरिन तोडतात.

पेशीचं चित्र काढताना रिक्तिका, हरितलवक, आवरणं हे भाग मुलं नुसते रंगवतात. हे कप्पे नसते तर ज्वारीचं रोप स्वतःच्याच विषाने मेलं असतं. पेशीला कप्पे का लागतात, हे शिकवायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही.

सायनाइड करतं काय? तंतुकणिकांमध्ये श्वसनाच्या साखळीच्या शेवटी एक विकर आहे, ते इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या हवाली करतं. सायनाइड त्याच्यातल्या लोहाला चिकटतं आणि साखळी थांबते. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. म्हणून अशा जनावराचं रक्त सुरुवातीला लालभडक दिसतं. इथे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या रेणूची ओळख करून दिली, कारण साखळी थांबली की तेच बनेनासं होतं. स्नायूंतून हे एटीपी १९२९ साली शोधणाऱ्यांत आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. त्यांनी हार्वर्डमध्ये फिस्के यांच्यासोबत हे काम केलं. त्याच वर्षी जर्मनीत लोमान यांनाही ते स्वतंत्रपणे सापडलं. सुब्बारावांचं नाव आमच्या मुलांना माहीत असायलाच हवं.

आजोबांनी विचारलं की मग कडबा कसा चालतो. झाड पक्व होताना धुरिनचं प्रमाण खूप घटतं आणि वाळवताना आणखी कमी होतं. ते म्हणाले, बरोबर, निसवल्यावर (कणीस बाहेर पडल्यावर) भीती कमी.

सगळ्यांना बजावून सांगितलं : जनावराला किरळ लागल्याचं वाटलं तर घरगुती उपायात वेळ घालवायचा नाही, लगेच पशुवैद्याला बोलवायचं. सोडियम थायोसल्फेटसारखं औषध शिरेतून वेळेत दिलं तर जनावर वाचू शकतं.

१८ नोव्हेंबर

सुट्टीनंतरचा पहिला तास भाकरीचा. शाळेत पोषण आहार करणाऱ्या मावशींनी दोन उंडे मळून दाखवले, एक गार पाण्यात आणि एक आधणाच्या पाण्यात. गार पाण्यातली भाकरी थापताना कडेला चिरत गेली, दुसरी सरळ थापली गेली. गव्हात ग्लुटेन असतं, त्याची प्रथिनं ओढली की ताणतात. ज्वारीत ग्लुटेन नाही. तिचं मुख्य प्रथिन काफिरिन पाण्याला दाद देत नाही. म्हणून पिठाला धरून ठेवायचं काम स्टार्चवर येतं. ७० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि त्यापुढे स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात, चिकट होतात. आधणाचं पाणी थोड्या पिठाचं हेच करतं.

मग प्रथिन ओळखायची मोरचूद आणि कॉस्टिक सोड्याची परीक्षा. कॉस्टिक सोडा फक्त मी हाताळला. हरभऱ्याच्या पिठाचं पाणी सुंदर जांभळं झालं, ज्वारीच्या पिठाचं फिकट जांभळट. मुलांचा निष्कर्ष होता की ज्वारीत प्रथिन नाहीच. तसं नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिन असतं, पण ते विरघळत नसल्यामुळे पाण्यात थोडंच उतरतं. परीक्षा पाण्यात काय आलं ते दाखवते, दाण्यात काय आहे ते सगळं दाखवत नाही. वहीत हे वाक्य ठळक करून घेतलं.

काफिरिनमध्ये लायसिन हे अमिनो आम्ल फार कमी असतं आणि आपल्या शरीराला ते बनवता येत नाही. डाळींमध्ये ते भरपूर असतं. डाळींत गंधकयुक्त अमिनो आम्लं कमी पडतात, ती धान्यातून मिळतात. भाकरीबरोबर पिठलं किंवा आमटी असली की जमाखर्च जुळतो.

कागदावर दाण्याचा कोंब घासून तेलकट डागही पाहिला. दाण्यातलं बरंचसं तेल कोंबात असतं. दळल्यावर त्याला हवा लागते, म्हणून जुनं पीठ कडवट लागतं.

२७ नोव्हेंबर

पानाचा आडवा छेद. गाजराच्या तुकड्यात पान धरून ब्लेडने पातळ काप घेतले. एका मुलीचा हात फारच स्थिर आहे, तिचा काप सर्वोत्तम. शिरेभोवती मोठ्या गडद हिरव्या पेशींचं कडं स्पष्ट दिसलं. ऊस, मका आणि ज्वारीत कार्बन डायऑक्साइड आधी बाहेरच्या पेशींत पकडला जातो आणि मग या कड्यातल्या पेशींत दाटीने सोडला जातो. त्यामुळे पानाची रंध्रं फार उघडी ठेवावी लागत नाहीत आणि पाणी वाचतं. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी उसावर काम करून हा मार्ग उलगडला. परतीच्या पावसानंतर नुसत्या जमिनीतल्या ओलीवर शाळू उभा राहतो, त्यात या कड्याचाही वाटा आहे.

१२ डिसेंबर

निसवण जवळपास पूर्ण. पानांवर मावा दिसतोय, खालच्या पानांना चिकटा आलाय. पान चकचकीत आणि हाताला चिकट. माव्याने झाडाच्या अन्नवाहिनीतला रस शोषून जास्तीची साखर बाहेर टाकलेली असते. चिकटा थोड्या पाण्यात धुऊन साखर ओळखायच्या निळ्या बेनेडिक्ट द्रावणाबरोबर तापवला तर विटकरी गाळ आला. झाड पानातून कणसाकडे साखर पाठवतं, त्याचा पुरावा अनपेक्षितपणे कीडीने हातात दिला.

३ जानेवारी २०२५

हुरडा! आगटी शाळेच्या मागेच केली. खाण्याआधी काम, असा करार होता.

दोन नमुने घेतले. एक हुरड्याचे दुधाळ दाणे ठेचून, दुसरा गेल्या वर्षीच्या पक्व दाण्यांचं पीठ. बेनेडिक्टमध्ये हुरडा विटकरी, पीठ हिरवटच. आयोडीनमध्ये पीठ काळंनिळं, हुरडाही निळा पण पुष्कळ फिका. पानातून येणारी साखर अजून साखरच आहे. पुढच्या चार आठवड्यांत दाण्यातली विकरं ती एकेक करून स्टार्चच्या साखळीत ओवतील आणि गोडी जाईल. झाड साखर तशीच का साठवत नाही, हा प्रश्न आला. विरघळलेली साखर परासरणाने पाणी ओढत राहते, स्टार्च विरघळत नाही म्हणून पाणीही ओढत नाही. दाणा कोरडा होऊन टिकायचा असेल तर साखळी बांधणंच सोयीचं.

झाडात फिरणारी साखर मुख्यतः सुक्रोज असते, म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. सुक्रोज एकटं बेनेडिक्टला रंग देत नाही. म्हणून साखरेच्या डब्यातली साखर विरघळवून तीही तपासली : निळीच राहिली. सौम्य आम्लात उकळून, खाण्याच्या सोड्याने उदासीन करून पुन्हा तपासली, तेव्हा विटकरी झाली.

हुरडा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर संपला.

१६ जानेवारी

डीएनए काढला. भिजवलेल्या दाण्यांचे कोंब, मीठ, भांडी घासायचं द्रव, वरून बर्फात ठेवलेलं अल्कोहोल. पांढरे धागे आले, पण थोडेच. केळ्यात जास्त दिसतात. या धाग्यांत आरएनए आणि प्रथिनंही असतात, निव्वळ डीएनए म्हणू नये. ज्वारीच्या गुणसूत्रांच्या १० जोड्या, आणि एका संचात ७० कोटींहून अधिक अक्षरं, म्हणजे डीएनएच्या साखळीतले दुवे. तिचा जनुकसंच २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. अक्षरांच्या पाठकण्यातही एक साखर आहे, पाच कार्बनची. मुलांनी ती आमच्या शोधयादीत 'ग्लुकोज नाही' अशा शेऱ्यासह घेतली.

१० फेब्रुवारी

काढणी. आठ धाटं मुळांसकट उपटून आठवडाभर आधीच वाळत घातली होती, ती तोलली. एका धाटाचं, कणीस धरून, वजन शंभर ग्रॅमच्या वर. पहिल्या पानावरचा ३५ मिलिग्रॅमचा आकडा समोर ठेवला. हे वजन आलं कुठून? "मातीतून," वर्गातल्या बहुतेकांचं उत्तर. बेल्जियममधल्या फान हेल्माँट यांनी कुंडीत विलोचं झाड पाच वर्षं वाढवलं. झाड १६० पौंडांहून जास्त वाढलं आणि माती काही औंसच घटली. त्यांना वाटलं सगळं पाण्यातून आलं. अर्धं खरं होतं. वाळलेल्या धाटाच्या वजनात चाळीस टक्क्यांहून अधिक कार्बन असतो आणि तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो. हवेत तो दहा हजारांत चार-साडेचार भागच असतो. मातीतून आलेलं काय ते पाहायला एक धाट जाळलं. मूठभरही राख उरली नाही. त्यात पोटॅशियम, कॅल्शियम, फॉस्फरस आणि भरपूर सिलिका. पान हाताला कापतं त्यात या सिलिकाचा हात आहे.

१२ फेब्रुवारी

शोधयादीतलं शेवटचं आणि सगळ्यात मोठं ग्लुकोज : कडबा.

कडब्याचा भुगा आयोडीनमध्ये निळा होत नाही. बेनेडिक्टमध्येही काही नाही. तरी त्याचा मोठा भाग सेल्युलोज, म्हणजे ग्लुकोजचीच साखळी. फरक फक्त जोडणीचा, आणि तो मुलांकडूनच करून घेतला. दहा जणांना मैदानात रांगेत उभं केलं, सगळ्यांची तोंडं एका बाजूला, हात धरलेले. हे स्टार्च. प्रत्येकाने थोडं थोडं एकाच बाजूला वळलं की रांग वाकत जाऊन गोल होते. मग एकाआड एकाने पाठ फिरवून हात धरले. वळण एकमेकांचं उट्टं काढतं आणि रांग सरळ राहते. दुसरी अशीच सरळ रांग शेजारी आणली की दोन्ही रांगांतली मुलं मोकळ्या कोपराने एकमेकांना धरू शकतात. सेल्युलोजच्या शेजारशेजारच्या साखळ्या अशाच हायड्रोजन बंधांनी बांधलेल्या असतात. पाणी आत शिरत नाही, धाट वाऱ्यात उभं राहतं.

आपल्या लाळेतलं अमायलेज स्टार्चची जोडणी तोडतं, ही जोडणी त्याच्या घडीत बसत नाही. म्हणून भाकरी आपल्याला पचते, कडबा पचत नाही. बैलाकडेही सेल्युलोज तोडणारं स्वतःचं विकर नाही. त्याच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात जिवाणू, बुरशी आणि आदिजीव आहेत, ते तोडतात. त्यातून तयार होणारी ॲसिटिक, प्रोपियॉनिक, ब्युटिरिक ही आम्लं बैलाच्या रक्तात जातात आणि त्यावर तो औत ओढतो.

शोधयादी फळ्यावर पूर्ण झाली : दाण्यात स्टार्च, रसात सुक्रोज, कोवळ्या पानात धुरिन, धाटात सेल्युलोज.

एका मुलाने विचारलं, सूक्ष्मजीव पोटाबाहेर काम करतील का? आजच मांडणी केली. दोन बाटल्यांत कडब्याची बारीक कुट्टी आणि कोमट पाणी. एकीत ताजं शेण कालवलं, दुसरीत तेवढंच शेण बराच वेळ उकळून गार करून. तोंडाला फुगे बांधले, सावलीत उबदार जागी ठेवल्या. फुग्यात येणाऱ्या वायूत मिथेन असू शकतो म्हणून कपाटावर 'ज्योत आणू नये' अशी चिठ्ठी. सोमवार आणि गुरुवारी फुग्याचा घेर दोऱ्याने मोजायची पाळी तुकडी ब ची.